दुसरी सही

गुरुदासचं नाव बोर्डावर लागलंय, हे कमलाक्षीला भात झोडताना कळलं.

सांगायला शेजारची यशोदा आली होती. ती भावाच्या जन्माचा दाखला काढायला पेडण्याला गेली होती. तिथल्या नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात एक बोर्ड असतो. लग्न करू म्हणणाऱ्यांची नावं त्यावर टाचणीने लावून ठेवतात, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्याने मुदतीत येऊन सांगावी. यशोदेला वाचायची हौस. दाखला हातात येईपर्यंत तिने सगळा बोर्ड वाचून काढला, आणि त्यात तिला लाटंबार्शाचा गुरुदास सापडला, हळर्णाच्या एका मुलीच्या नावाशेजारी.

कमलाक्षीने हातातली पेंढी झोडून पुरी केली. मग म्हणाली, "एका नावाची धा माणसां असतत."

"बापाशीचां नाव तांच, गाव तोच, आडनाव तांच," यशोदा म्हणाली. "आता फोटो तेवढो लावूचो रवलो."

गुरुदास कमलाक्षीचा नवरा. खाणीवर ट्रक चालवायचा. पाऊस सरून खाणी सुरू झाल्या की तो तिकडेच राहायचा, अधूनमधून घरी यायचा. यंदा गणेश चवथ करून गेला तो परत आलाच नव्हता. काम जास्त आहे, असं सासू म्हणत होती. म्हणताना ती कमलाक्षीकडे बघत नव्हती, हे कमलाक्षीला आत्ता, रिकामी पेंढी हातात धरून, आठवलं.

पहिली सही

कमलाक्षी मूळची दोडामार्ग नाक्याच्या पलीकडची, सिंधुदुर्गातली. तेव्हा तिचं नाव गंगा. बाप नव्हता, भाऊ जयराम दुसऱ्याच्या बागेत राबायचा, दारात मांडव घालणं झेपणारं नव्हतं. म्हणून लग्न नवऱ्याकडे, गोव्यातल्या लाटंबार्शाच्या देवळात करायचं ठरलं. गोव्यात आधी कचेरीत सही करावी लागते, त्याचा कागद आणा, असं भटजी म्हणाले. दोघं डिचोलीला गेली. कारकुनाने सह्या घेतल्या आणि दोन बोटं वर केली. ही एक झाली, मुदतीत येऊन दुसरी करा, तेव्हा लग्न पुरं. त्याने नीट सांगितलं होतं. त्याचा काही दोष नाही.

मग देवळात लग्न लागलं. गुरुदासने ताटातल्या तांदळात अंगठीने 'कमलाक्षी' लिहिलं. सगळा गाव जेवला.

दुसऱ्या सहीला निघायच्या दिवशी सासू सकाळीच देवळात गेली. त्या घरात कौल घेतल्याशिवाय काही होत नसे. विहीर खणायची, गाय घ्यायची, आजाऱ्याला इस्पितळात न्यायचं, सगळं आधी देवाला विचारून. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावतो. माणूस आपलं म्हणणं मांडतो आणि वाट बघत बसतो. उजवी पडली तर हो. डावी पडली तर नको.

डावी पडली.

आज नको, सासूने येऊन सांगितलं. कमलाक्षीने नेसलेलं ठेवणीतलं लुगडं सोडून घडी करून ठेवलं. पुढे सासूने पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. मग चवथ आली. मग चुलत्याचं सुतक. मग कमलाक्षीला दिवस गेले आणि बसचे धक्के नकोत असं ठरलं. गुरुदास म्हणायचा, देवाने बघितलंय, गावाने बघितलंय, आता मी ट्रक चालवू की सह्या करीत फिरू? कमलाक्षीही हसायची. अंकिता झाली, रांगायला लागली. त्यात केव्हातरी मुदत संपली. मुदत संपताना आवाज होत नाही.

नाक्यापलीकडे सांगायचं तर

सप्तपदी झाली, मंगळसूत्र बांधलं, चार माणसांनी अक्षता टाकल्या. ही बाई गुरुदासची बायको. दुसरीशी लग्न केलं तर त्याला तुरुंग.

नाक्याअलीकडे सांगायचं तर

एक सही आहे. दुसरी नाही. ही बाई गुरुदासच्या घरात राहते.

मधल्या नाक्यावर एक आडवा बांबू आणि खुर्चीवर पेंगणारा पोलीस. यशोदेचं ऐकून कमलाक्षी त्याच्याखालून आधी भावाकडे गेली. जयराम तिला घेऊन पलीकडच्या ठाण्यात गेला. हवालदाराने चांगलं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, लग्न कुठे लागलं? लाटंबार्शाला. मग ताई, हे आमच्या हद्दीत नाही. येताना वाटेत जयरामने दोनदा सांगितलं की चार माणसं घेऊन येतो आणि गुरुदासचे पाय मोडतो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, घर तुझंच आहे, पण तुझ्या वहिनीला एकदा विचारून बघतो. कमलाक्षीने ती दोन्ही बोलणी तिथेच, नाक्यावर सोडली आणि बांबूखालून अलीकडे आली.

बाबली पंच

गोवा राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. बाबली पंच तेव्हा फार कामात होता. त्याच्या ओसरीवर माणसं बसलेली असायची आणि मराठी की कोंकणी यावर आवाज चढलेले असायचे. कमलाक्षी अंगणात उभी राहिली तेव्हा एकजण सांगत होता की आता आपल्या कागदांवर आपली भाषा येणार.

बाबलीने तिला ओसरीच्या टोकाला बोलावलं आणि सगळं ऐकलं.

"तू बायको न्हय असां कोण म्हणता?" तो म्हणाला. "आख्खो गाव जेवलो तुझ्या लग्नाक. मी स्वतः दोन खेपे खीर घेतलंय."

"मग तसां पेडण्याच्या कचेरीत येवन सांगा, बाबलीदादा."

बाबलीने मान खाजवली. "जेवल्याचो दाखलो पंचायत देवक शकणा गे," तो म्हणाला. ओसरीवर कुणीतरी हसलं. हसणं थांबल्यावर त्याने तिला डिचोलीच्या एका वकिलाचं नाव सांगितलं. माझं नाव सांग, असंही म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, नको, नाव नको सांगू, गुरुदासचं घर माझ्याच वाड्यावर मतं देतं.

वकील

डिचोलीच्या वकिलाला तिने काय काय विचारलं, ते तिला नंतर आठवेना. त्याची उत्तरं तेवढी आठवली.

बसा.

कधी झालं?

देवळातलं नव्हे, मी कचेरीतलं विचारतोय.

आणि दुसरी?

का नाही गेलात?

(इथे तिने कौलाचं सांगितलं. तो पंख्याकडे बघत राहिला.)

कुणाचा मुलगा म्हणालात?

असं. मग तुम्ही माझ्याकडे यायला नको होतं. ती माणसं आधीच येऊन गेली. मी त्यांच्या बाजूने आहे.

नाही, रागावत नाही. तुम्हाला कसं ठाऊक असणार.

म्हापशाला फुकट सल्ला देतात म्हणे, तिकडे बघा.

छत्री राहिली तुमची.

म्हापसा, शुक्रवार

बंद.

म्हापसा, मंगळवार

लाटंबार्शाचं माणूस म्हापशाला जातं ते शुक्रवारी, बाजाराला. दुसऱ्या वारी म्हापशात काही असतं, असं कुणाच्या मनातच येत नाही. म्हणून कमलाक्षी शुक्रवारी गेली होती. एका गाळ्याच्या माडीवर ती खोली होती, दाराला कुलूप, आणि वरच्या पाटीवर इंग्रजीत जे लिहिलं होतं ते तिला वाचता येत नव्हतं. खाली उंडे, म्हणजे कडक गोल पाव, विकणाऱ्या पोदेराने सांगितलं, मंगळवारी ये बाये, शुक्रवारी ती वकिलीण कोर्टात असता. मधले दिवस ती घरी भात वारवत राहिली. सासू तिच्याशी बोलत नव्हती आणि तिला काही कमीही पडू देत नव्हती. ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढायची आणि उठून जायची.

मंगळवारी बसस्टँडच्या भिंतीवर डांबराने लिहिलेल्या घोषणा दिसल्या. एका भाषेतली दुसरीने खोडलेली, तिच्यावर पुन्हा पहिली. माडीवर बाकावर आठ-दहा बाया होत्या.

वकील बाईंचं नाव प्रभावती. चष्मा, कॉटनची साडी, टेबलावर अर्धा प्यालेला चहा. तिने मधे न तोडता सगळं ऐकलं. मग कपाटातून एक जाड, तपकिरी पुस्तक काढलं आणि पान शोधून बोट ठेवलं.

"काय लिवलांहा?" कमलाक्षीने विचारलं.

पुस्तक पोर्तुगीजमध्ये होतं. ते लोक जाऊन पाव शतक झालं, कायदा राहिला होता. प्रभावतीने एक ओळ वाचली, ती आधी स्वतःशी कोंकणीत म्हटली, मग कमलाक्षीला मराठीत सांगितली. तीन भाषांतून फिरून आलं तरी उत्तर 'नाही' असंच होतं.

"दुसरी सही झाली असती तर त्याच्या सगळ्यात तुमचा अर्धा वाटा असता," प्रभावती म्हणाली. "घरात, ट्रकात, जमिनीच्या हिश्शात. बाहेरच्या कुठल्याच राज्यात बायकोला असं मिळत नाही. ती सही नाही, म्हणून तुम्ही बायको नाही. तुम्ही बायको नाही, म्हणून त्याचं हे दुसरं लग्न नव्हे. पहिलंच."

कमलाक्षीने टेबलावरच्या चहाकडे बघितलं. त्यावर साय धरली होती.

"आणि देवळातलां?"

"ते देवापुढे आहे."

"देवानच दुसऱ्या सहीक नको म्हटलां," कमलाक्षी म्हणाली.

प्रभावतीने पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. अशा बाया तिच्याकडे आधीही आल्या असाव्यात. एकीची सही नवरा बोटीवर गेला म्हणून राहिलेली, एकीची दीर वारला म्हणून. कौलामुळे राहिलेली बहुधा पहिलीच.

मग तिने सांगितलं की मुलीचं मात्र करता येईल. अंकिताच्या जन्माच्या नोंदीवर बापाने सही केली आहे, तेव्हा तिच्या पोटापाण्यासाठी अर्ज करता येईल. वेळ लागेल, तारखा पडतील, पण मिळेल.

"तिच्यासाठी एकच सही लागता?"

"एकच."

"बरां असा पोरीचां," कमलाक्षी म्हणाली. आणि ती खरंच तशा अर्थाने म्हणाली. मग तिने विचारलं, पेडण्याच्या बोर्डावरच्या नावाला हरकत घेता येते ना?

"घेता येते. टिकणार नाही. तिथे लग्नाचा पुरावा मागतील."

"तरी लिवन द्या."

प्रभावतीने लिहून दिलं. एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात, कमलाक्षीला वाचता येईल असं. खाली सहीला जागा ठेवली. कमलाक्षी पेन धरून थांबली. कुठलं नाव घालू? डिचोलीच्या कागदावर गंगा होतं. तांदळात कमलाक्षी. प्रभावती म्हणाली, गंगाच घाला, कायद्याला तीच माहीत आहे.

तिने गंगा लिहिलं. कितीतरी वर्षांनी लिहिलं होतं, अक्षर शाळेतल्यासारखं आलं.

पेडणे

गुरुदासच्या दुसऱ्या सहीचा दिवस यशोदेनेच काढून आणला. त्या दिवशी कमलाक्षीने अंकिताला तिच्याकडे ठेवलं आणि तीन बस बदलून पेडण्याला पोचली. कचेरीच्या दाराशी एक पेंटर शिडीवर चढून पाटीवरचं 'दमण आणि दीव' खरवडत होता. आतले शिक्के अजून जुनेच होते.

व्हरांड्यात बोर्ड होता. बोर्डावर तो कागद होता. बोर्डाखालच्या बाकावर सासू बसली होती, कडेला नवी पिशवी. पलीकडे हळर्णाची माणसं उभी होती आणि त्यांच्यात पाठमोरा गुरुदास. त्याने मागे वळून बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. नवरी मुलगी अगदी लहान दिसत होती. ती कमलाक्षीकडे बघून, कोण आहे ते ठाऊक नसल्यामुळे, ओळखीचं हसली.

कमलाक्षी आत गेली आणि अर्ज दिला. कारकुनाने तो पूर्ण वाचला. घाई केली नाही. मग तो उठून आतल्या साहेबांकडे गेला, परत आला आणि हलक्या आवाजात विचारलं, लग्नाची नोंद आहे? दुसऱ्या सहीची? कमलाक्षीने नाही म्हणून मान हलवली. त्याने अर्जाची घडी तशीच पुन्हा घातली आणि तिच्या हातात दिली. नोंदीशिवाय घेता येत नाही, बाई. घेता आला असता तर मला बरं वाटलं असतं.

भिंतीवरच्या घड्याळाने एक वाजवला. कारकुनाने खिडकीला फळी लावली.

(कचेरी जेवायला बंद. या वेळात कायद्याप्रमाणे काहीही होत नाही.)

हळर्णाची माणसं समोरच्या खानावळीत गेली. सासू गेली नाही. तिने बाकावर जरा सरकून जागा केली. कमलाक्षी उभी राहिली. मग तिचे पाय दुखायला लागले आणि ती बसली.

"पोर खय?" सासूने विचारलं.

"यशोदेकडे."

सासूने पिशवीतून उंडे काढले. एक कमलाक्षीच्या मांडीवर ठेवला, एकाचे स्वतः दोन तुकडे केले. कडक पावाचा चुरा लुगड्यावर सांडला, तो ती बोटाने गोळा करत राहिली. गुरुदास आता हळर्णालाच राहणार, ती सांगू लागली. मुलीच्या भावाचे दोन ट्रक आहेत, तिसरा याच्या हाती देणार आहेत. खाण किती दिवस चालेल आणि आपल्या मुलाचं कसं व्हायचं, म्हणून तिने ह्या लग्नाला होकार दिला होता. मग म्हणाली, "गोठ्याकडची खोली झाडून घेतलंय. तू नि पोर थय रवा. मी असां तवसर तुका कोण काय म्हणूचा नाय."

शिडीवरचा पेंटर खरवडत होता, रंगाची सालपटं व्हरांड्यात येत होती.

"आये," कमलाक्षी म्हणाली, "ह्या खेपेक कौल घेतलस?"

सासूने घास गिळला.

"घेतलंय."

"काय पडलां?"

"डावां."

"एकदाच घेतलस?"

"दोनदा. दोनदाय डावां." सासूने पदराने तोंड पुसलं. "मी म्हटलंय त्येका, देव नको म्हणता, रे. तो म्हणालो, आये, मुदत असता. वकिलान सांगितलां, मुदत सरली तर पयली सही फुकट जाता. त्येच्या आदल्या खेपेक तशी गेली म्हणालो."

आदल्या खेपेला म्हणजे कमलाक्षीच्या.

सासू रडत होती की उन्हामुळे डोळे बारीक केले होते, ते कळत नव्हतं. "मी देवाक खरांच विचारलेलंय गे," ती म्हणाली. "तुझ्या वेळाक. खोटां नाय. खरांच डावां पडलेलां."

"माका म्हायत असा," कमलाक्षी म्हणाली. तिला खरंच माहीत होतं. सासू खोटं बोलली असती तर निदान कुणावर तरी ओरडता आलं असतं.

दोन वाजले. फळी निघाली. हळर्णाची माणसं तोंडं पुसत परत आली आणि सगळे आत गेले. सासू उठली, दाराशी एकदा थांबली आणि आत गेली. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कारकून मोठ्याने नावं वाचत होता. आधी त्याचं, मग तिचं. मग काही ऐकू आलं नाही, कारण सही करताना आवाज होत नाही.

कमलाक्षी बाकावर बसून होती. उठून आत जावं, टेबलावर हात आपटावा, त्या पोरीला सांगावं, असं तिच्या मनात येत होतं. काय सांगावं ते येत नव्हतं. ती म्हणाली असती, मी ह्याची बायको. कारकुनाने विचारलं असतं, नोंद? आणि त्या पोरीने पुन्हा तसंच हसून बघितलं असतं.

शिपाई बाहेर आला. बोर्डासमोर उभा राहून त्याने गुरुदासच्या नावाचा कागद काढला, टाचणी तेवढी पुन्हा बोर्डाला टोचून ठेवली, दुसऱ्या कुणासाठी. कागद चुरगाळून त्याने खिशात घातला. त्याने कमलाक्षीकडे बघून विचारलं, तुमचं काय काम आहे, बाई?

"झालां," ती म्हणाली.

मांडीवरचा उंडा तसाच होता. घरी अंकिता विचारणार होती, काय आणलंस म्हणून. बाहेर धूळ होती, तीन बस बदलायच्या होत्या, आणि गुंडाळायला जवळ दुसरं काही नव्हतं. कमलाक्षीने प्रभावतीने लिहून दिलेला अर्ज उलगडला, त्यात उंडा ठेवला, गंगा नावाची सही आतल्या बाजूला जाईल अशी घडी घातली, आणि बसची वेळ विचारायला रस्त्यापलीकडे गेली.